विमानात एकच जागा

तार बाबांच्या नावावर होती. पण बाबा ड्यूटीवर होते आणि आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती मीच फोडली. पोस्टाचा माणूस दारात निथळत उभा होता आणि सही करायचं सोडून मी तार वाचत बसलेले. ताईची प्रकृती गंभीर, रक्ताची गरज, धाकटीला ताबडतोब पाठवा. खाली मेहुण्यांचं नाव. धाकटी म्हणजे मी.

"काय आहे?" आईनं विचारलं. तिचे हात पिठाचे होते.

मी सांगितलं. ती खाली बसली.

"आणि मूल?"

"मुलाचं काही लिहिलेलं नाही."

आम्ही तेव्हा कल्याणला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. बाबा मेलगाड्यांवर गार्ड होते. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक होऊन डोंबिवलीला टायपिंग शिकायला जात होते. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, नागपूरला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याच घरी झालं होतं. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी तो पिवळा पडला आणि चौथ्या दिवशी गेला. नंतर मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं. ताईचं रक्त निगेटिव्ह निघालं, फार थोड्यांचं असतं तसं. आईबाबांचं तसं नव्हतं. घरात तिच्याशी जुळणारं रक्त एकाच माणसाचं होतं. डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, "पुढच्या खेपेला हिला जवळ ठेवा."

म्हणून या खेपेला मी आधीच नागपूरला जाऊन राहायचं ठरलं होतं. बाबांनी माझा पासही काढून ठेवला होता. पण माझी टायपिंगची परीक्षा होती, ताईला आठवाच महिना चालू होता, आणि मीच म्हटलं होतं की परीक्षा देऊन पुढच्या आठवड्यात जाते. ती तार हातात घेऊन उभी असताना माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

बाबा तासाभरानं आले. खरं तर ते दुसऱ्या दिवशी यायचे होते. त्यांच्या रेनकोटाखाली गणवेशही चिंब झाला होता. काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "घाटात दरड आलीय. दोन्ही लायनी गेल्या. चार तास कसाऱ्याला उभे होतो, मग गाडी मागं आणली."

आईनं त्यांच्यापुढे तार धरली.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग ओल्या कपड्यांनिशी स्टुलावर बसले आणि मोठ्यानं हिशेब करू लागले. बाबांना हिशेब म्हणजे मैल आणि तास. "कल्याण–नागपूर पाचशे मैलांना तेरा कमी. मेल चालू असती तर आज निघून उद्या सकाळी पोचली असती. आता पुण्यावरून जायचं. पुणे, दौंड, दौंडवरून मनमाड. सगळ्या गाड्या तिकडूनच फिरवतील, म्हणजे वाटेत जागोजाग उभं राहायचं. उद्या रात्री मनमाड धरा. परवा दुपारच्या आत नागपूर नाही."

"आणि सुरतेवरून?" मी विचारलं. लहानपणापासून आम्ही वेळापत्रकावरच वाढलेलो.

"सुरत, भुसावळ. तेवढाच वेळ. त्यातून तिकडेही नद्यांना पाणी आहे म्हणतात." ते थांबले. "परवा दुपार. त्याच्या आत नाही."

बाहेर पाऊस चालूच होता. शेवटी मी म्हटलं, "विमानानं?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वाईट बोलले होते. आमच्या घरातलं कुणी पासाशिवाय कुठे गेलं नव्हतं. विमान म्हणजे आमच्या लेखी आकाशातला आवाज. पण ते उठले, तसेच स्टेशनवर गेले, आणि तिथल्या टेलिफोनवरून मुंबईच्या मामांना त्यांनी गाठलं. मामा फोर्टमध्ये एका कचेरीत होते. तिथून चालत विमान कंपनीच्या ऑफिसात जाता येत असे.

मामांचा निरोप यायला दीड तास लागला. तो असा: उद्या सकाळी साडेदहाला विमान आहे. सांताक्रूझ ते नागपूर, पावणेतीन तास. एकच जागा शिल्लक होती, ती मी घेतलीय. रक्तपेढीतही विचारून आलो, त्या जातीचं रक्त आज त्यांच्याकडे नाही.

"एकच जागा?" आई म्हणाली. "म्हणजे ही एकटी?"

"एकटीच."

"विमानं पडतात हो."

"गाड्याही पडतात."

"गाडी पडली तर माणूस जमिनीवर तरी असतं." आईचा आवाज चढला. "एकीसाठी दुसरीला वर पाठवायची? काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

बाबा आईला कधी उलट बोलत नसत. त्या दिवशीही चिडले नाहीत. म्हणाले, "मग तू सांग. तू सांगशील तसं करतो. तू म्हणालीस नको, तर मी आत्ता जाऊन नको म्हणून कळवतो."

आई आत गेली. थोड्या वेळानं ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ती माझी लुगडी काढत होती.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते मला आजही सांगता येत नाही.

सकाळी साडेपाचच्या गाडीनं मी आणि बाबा निघालो. दादरला उतरून पलीकडची गाडी धरायची आणि सांताक्रूझला जायचं, साडेनऊच्या आत पोचायचं, असा बेत. गाडी रखडत रखडत ठाण्याला आली आणि तिथेच थांबली. बाबा उतरून स्टेशन मास्तरांकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"कुर्ल्याला रुळांवर पाणी आहे. कधी सुटेल सांगता येत नाही. उतर."

साडेसात झाले होते. आम्ही बाहेर आग्रा रोडवर आलो. मुंबईकडे जाणारं वाहन दिसेना. दोन मोटारी गेल्या, थांबल्या नाहीत. टॅक्सीवाला कुर्ल्याचं नाव ऐकून मान हलवून निघून गेला. माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता, ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि समोरून येणाऱ्या लॉरीला, आपली गाडी थांबवावी तसा, हात वर करून धरला.

लॉरी ओल्या गवतानं शिगोशीग भरलेली होती. चालवणारा पन्नाशीचा, काळासावळा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. तो बाळकुमचा. तिथे त्याची शेती होती, लॉरीही स्वतःची, आणि तो मुंबईच्या तबेल्यांना म्हशींचं गवत पोचवायचा, हे नंतर वाटेत कळलं. आधी तो चिडलाच.

"मरायचा हाय का? कयं जावाचा हाय?"

"सांताक्रूझला. विमानतळावर," बाबा म्हणाले.

"यवऱ्या पान्यान?"

बाबांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ही पोर जानार? भनीसाठी?"

"हो."

"मंग बसा. माजी लारी उची हाय, कुरल्याचा पानी तिला काय करनार नाय."

मी मधे बसले. गवताचा वास, डिझेलचा वास, आणि समोरच्या काचेवर एकच वायपर, तोही मधूनमधून अडकणारा. मुलुंड, भांडुप, घाटकोपर गेलं. बाबा खिशातलं घड्याळ काढत, उघडत, मिटत, परत ठेवत. गाडी किती मागं पडलीय ते पाहायची त्यांची ती सवयच होती, पण ड्यूटीवर ते ती वेळ लिहून तरी ठेवायचे.

कुर्ल्याला रस्ता दिसतच नव्हता. पाण्यातून माणसं डोक्यावर सामान घेऊन चालली होती. लॉरी आत शिरली. पाणी पायाखालच्या फळ्यांना लागल्याचा आवाज आला, आणि अर्ध्यावर इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

बाबांनी घड्याळ उघडलं. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

बाळकुमकर खाली उतरला. पाणी त्याच्या कमरेच्या वर. त्यानं बॉनेट उघडलं, डोक्याचा पंचा सोडला आणि आत काहीतरी पुसू लागला. बाबाही उतरायला निघाले, तसा तो आतूनच ओरडला, "तुमी बसा! कापरं भिजवू नको!" मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न करत होते, पण मधेच टायपिंगच्या परीक्षेचे उतारे डोळ्यांपुढे येत होते. त्या परीक्षेत पुढे मी पहिली आले.

तिसऱ्या खेपेला इंजिन धरलं.

आम्ही दहाला पाच कमी असताना पोचलो. मामा फाटकाशी तिकीट हातात धरून इकडून तिकडे करत होते. बाबा लॉरीवाल्याकडे वळले, काहीतरी बोलणार होते, पण तो म्हणाला, "पयलं पोरीला सोरा," आणि गाडी वळवून निघूनसुद्धा गेला. त्याचं गवत अजून पोचायचं होतं.

आत मला एका काट्यावर उभं केलं, मग हातातली पिशवी ठेवली. काट्यावरचा बाबू म्हणाला, "नव्वद पौंड. पिशवी चार." बाबांनी मामांकडे पाहिलं. माझं वजन इतकं कमी आहे हे त्या दोघांच्या बहुतेक तेव्हाच ध्यानात आलं. पण त्यावर बोलायला वेळ नव्हता.

"हे बघ," बाबा घाईघाईनं म्हणाले, "दहा चाळीसला सुटलं तर दीडच्या आत पोचशील. खाली बघत राहा. डोंगर संपले की इगतपुरी गेली. मग मनमाड. मोठी नदी दिसली की तापी, तिथे भुसावळ. तिथून पुढे अर्ध्याहून कमी राहिलं समज. मेहुणे येतील न्यायला. नाही आले तर कुणाबरोबर जाऊ नकोस, तिथल्या ऑफिसात बसून राहा." एवढं बोलून त्यांनी माझा खांदा धरला आणि सोडून दिला.

बाबांनी सांगितलेलं एकही गाव मला दिसलं नाही. उडाल्यापासून खिडकीबाहेर नुसतं पांढरं. कुठे आहोत, पुढे चाललोय की जागेवरच हलतोय, काही कळत नव्हतं. विमान मधूनच खाली बसायचं आणि पोटातलं सगळं वर यायचं. मी दोनदा ओकले. घरून निघताना चहाच घेतलेला, त्यामुळे तोंडात नुसतं कडू पाणी. शेजारी वऱ्हाडातले एक वयस्क कापसाचे व्यापारी होते, काळी टोपी घातलेले. ते आधी तीनदा विमानातून गेलेले. त्यांनी मला लिंबू दिलं आणि म्हणाले, "हुंगत राहा, पोरी. डोळे मिटू नको."

मी घड्याळ बघत होते. बाबांनी त्यांचं घड्याळ मला दिलं नव्हतं. व्यापाऱ्यांच्या मनगटावरचं दिसायचं, तेच बघायचे. साडेबारा. एक. सव्वा. विमान खाली उतरू लागलं, कानात दडे बसले. खाली काहीतरी हिरवंगार क्षणभर दिसलं, आणि मग इंजिनाचा आवाज वाढून आम्ही परत वर गेलो. पुन्हा पांढरं.

"काय झालं?" मी विचारलं.

"खाली पाऊस असेल. दिसत नसेल त्यांना." ते अगदी सहज म्हणाले, "मागं एकदा असंच झालं. एक घंटा फिरवलं आणि परत मुंबईला नेलं."

मी उठून उभी राहिले. विमानात काम करणारी एक मुलगी होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. ती धावत आली, बसा म्हणाली. मी बसले नाही. मला इंग्रजी वाचता यायचं, बोलता यायचं नाही. मी मराठीतच सांगितलं, तिला समजतंय की नाही हे न बघता, की माझ्या बहिणीला माझं रक्त द्यायचंय, परत नेऊ नका, परत नेलं तर ती जाईल. सगळे वळून बघत होते. मी रडत नव्हते, पण आवाज ओरडल्यासारखा निघत होता.

तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं. तिला मराठी येत होतं. ती पुढे वैमानिकांकडे गेली. दाराआड ती किती वेळ होती कोण जाणे, मला फार वाटला. परत येऊन ती माझ्याशेजारी वाकली.

"त्यांना सांगितलंय. परतीचं ठेवून अजून अर्धा तास फिरता येईल एवढं पेट्रोल आहे. तेवढा वेळ ते उतरायला बघतील. त्यानंतर मात्र परत फिरावं लागेल. तू काही खाल्लंयस?"

"नाही."

"मग रक्त कसं देणार?"

तिनं पावाचे दोन तुकडे आणून दिले, मधे काहीतरी घातलेले. ते काय होतं ते मी विचारलं नाही. आमच्या घरात न चालणारंही असेल. ती समोर उभी राहिली आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत हलली नाही.

तिसऱ्या फेरीला चाकं जमिनीला लागली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पावणेतीन तासांचे साडेतीन झाले होते.

मेहुणे पावसात उभे होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात. मी एवढंच विचारलं, "आहे ना?"

"आहे," ते म्हणाले. "चल."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मला पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. नागपुरात त्यांना त्या रक्ताचा एकच माणूस मिळाला होता, त्याची बाटली आदल्या रात्री देऊन झाली होती.

"वजन किती तुझं?"

"शंभर," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. "खरं सांग."

"शंभर."

त्यांनी मनगट सोडलं. आधी थोडं रक्त घेऊन ते ताईच्या रक्ताशी जुळतंय का ते तपासायचं होतं. त्याला अर्धा-पाऊण तास लागला. तेवढा वेळ मला ताईजवळ बसवलं होतं. तिचे ओठ पांढरे पडलेले. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं, आणि म्हणाली, "परीक्षा झाली?" मी हो म्हटलं. मग तिनं डोळे मिटले, आणि दर श्वासानंतर पुढचा येईपर्यंत मी स्वतःचा श्वास धरून बसले.

रक्त दिल्यावर मला भोवळ आली. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई पलंगाशी होत्या. "शंभर म्हणे," त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "नाडी सुधारलीय तिची."

संध्याकाळी मेहुण्यांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं. मुलगी झाली होती. तीही पिवळी. सकाळी अकराच्या सुमारास गेली. म्हणजे मी वर ढगात होते तेव्हा. ताईला ठाऊक होतं. मला सांगू नका, रक्त देईपर्यंत सांगू नका, असं तिनंच बजावलं होतं.

त्याच संध्याकाळी मेहुण्यांनी कल्याणला तार केली. दोनच शब्द, बोथ सेफ. दोघी सुखरूप. दोन रात्री ते झोपले नव्हते. त्यांच्या मनात दोघी म्हणजे ताई आणि विमानातून गेलेली मी, ज्यांच्यासाठी तिकडे दोन जीव टांगणीला लागले असतील. आधीच्या तारेत बाळाचं काही लिहिलं नव्हतं हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. माझ्याही राहिलं नाही. मी ती तार लिहिताना शेजारी उभी होते.

पाचव्या दिवशी बाबा आले. घाटातली एक लाइन चालू झाल्यावर जी पहिली गाडी सुटली, तिनं. मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्यांची वाट बघत होते. इतके आनंदात असलेले बाबा मी क्वचितच पाहिलेत. हातात त्यांची नेहमीची पेटी आणि काखेत जुन्या मऊ लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं. त्यातून झबल्याची एक बाही बाहेर आलेली. आई दोन रात्री बसून शिवत होती.

"मुलगा की मुलगी?" त्यांनी पायरी चढता चढताच विचारलं. "तुझ्या मेहुण्यांना तेवढा एक शब्द जास्त घालायला काय झालं होतं? आईनं सगळ्या क्वार्टर्समध्ये साखर वाटली."

मला तेव्हा कळलं. पण सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "बोथ म्हणजे ताई आणि मी."

त्यांना लगेच समजलं नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी गाठोडं काखेतून काढून दोन्ही हातांत धरलं.

"तू?"

"हो. मी पोचले, म्हणून कळवलं."

"हो," ते म्हणाले. "तू. बरोबर." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तारेत चूक नाही." मग पायरीवर बसले आणि मला पाणी आणायला सांगितलं.

मी पाणी आणलं. ते त्यांनी सगळं प्यायलं. ताईला भेटायला जाताना गाठोडं त्यांनी माझ्याकडे दिलं नाही. पेटी उघडली, तळाशी गणवेशाच्या खाली ते दाबून बसवलं, आणि पेटीला कुलूप लावून मगच आत आले. ताईशी ते वेळापत्रकाबद्दल बोलले. घाटात कुठल्या बोगद्यापाशी दरड होती, किती माणसं लावली होती, वगैरे. तीही विचारत होती. तिचा हात त्यांच्या हातात होता.

आईला त्यांनी तार केली नाही, पत्र लिहिलं. पत्र पोचलं त्या दिवसाचं मला शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं. आईनं ते वाचलं, स्वयंपाक झाकून ठेवला, आणि ज्या ज्या घरी साखर दिली होती त्या प्रत्येक घरी ती स्वतः गेली. सतरा घरं होती. दारातच उभी राहून सांगायची, नात गेली, माझ्या दोघी मुली आहेत. आत या म्हटलं तरी कुठे बसली नाही.